वादळाच्या कुठल्या हाताला?

अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की टीव्हीवर नकाशा झळकतो आणि सगळ्यांचा जीव एकाच रेघेत अडकतो: ही मुंबईवर येतेय का? जहाजावरच्या कप्तानाला मात्र आधी दुसरंच बघायचं असतं. आपण त्या रेघेच्या उजव्या हाताला आहोत की डाव्या?

उत्तर गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या उलट फिरतं. त्यामुळे त्याच्या वाटेच्या उजव्या अंगाला वाऱ्याच्या जोरात वादळाचा स्वतःचा वेगही मिसळतो आणि तोच वारा जहाजाला वादळाच्या पुढ्यात ढकलतो. हे ओळखायला उपग्रह लागत नाही. जहाज थांबवून पाहावं: वारा आग्नेयेकडून दक्षिणेला, मग नैऋत्येला सरकला, तर बाजू धोक्याची.

आता कोकणचा किनारा आठवा. किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे निघालेल्या वादळाची उजवी बाजू म्हणजे नेमकी आपली. एकीकडे वादळ, दुसरीकडे खडक, पळणार कुठे? मे 2021 मध्ये ‘तौक्ते’ असंच गेलं. मुंबईजवळच्या हीरा तेलक्षेत्रात ‘पी-305’ हा बार्ज 261 माणसं घेऊन नांगरावर होता. त्याला स्वतःचं इंजिन नव्हतं, टगनेच ओढायचं. नांगर सुटले, बार्ज तेलाच्या प्लॅटफॉर्मवर आदळला आणि 17 मेला बुडाला. नौदलाने त्या खवळलेल्या पाण्यातून दीडशेहून जास्त जणांना जिवंत काढलं. तरी हा बार्ज आणि त्याच वादळात बुडालेला ‘वरप्रदा’ टग मिळून ऐंशीच्या वर जीव गेले.

हवामान खात्याचे इशारे काही दिवस आधीपासून होते. पण इशारा वाचणं वेगळं, अंतर राखणं वेगळं. कप्तानांचा एक जुना ठोकताळा आहे: 24 तासांच्या अंदाजात 100 सागरी मैलांची चूक धरा, 48 तासांच्या 200, 72 तासांच्या 300, त्यात सोसाट्याच्या वाऱ्याचा घेर मिळवा आणि त्याच्या बाहेर राहा. अंदाज आता पुष्कळ सुधारलेत, म्हणून हे आकडे जुनाट ठरवणारेही भेटतात. इंजिन नसलेल्या बार्जच्या बाबतीत तरी मला ते कमीच वाटतात.

पावसाळ्याआधी काम उरकायची घाई तेलक्षेत्रात दरवर्षी असते. म्हणून बंदरात परतण्याचे दिवस आणि त्यांचा खर्च कंत्राटातच लिहिलेला हवा. वादळ शेवटी वळून ओमानला गेलं, तरी बार्ज आत आणणाऱ्याला कुणी जाब विचारता कामा नये.