मैत्रिणींचा वाटा

रमजानचा दहावा रोजा हा परंपरेने हजरत खदिजा (र.) यांच्या स्मृतीचा दिवस मानला जातो. मक्केतील या कर्तबगार व्यापारी बाईंचे काफिले थेट सीरियापर्यंत जात. प्रवचनांमधून त्यांचा त्याग, त्यांची संपत्ती, त्यांचा ईमान यांविषयी आपण ऐकतो. मात्र हदीसच्या ग्रंथांत हजरत आयेशा (र.) यांनी सांगितलेली एक छोटी हकिकत आहे, तिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. खदिजांच्या निधनानंतरही प्रेषित मुहंमद (स.) यांच्या घरी बकरी कापली गेली, की गोश्ताचा एक वाटा खदिजांच्या मैत्रिणींकडे पाठवला जाई. एकदा एक वृद्ध बाई भेटीला आल्या, तेव्हा प्रेषितांनी त्यांची फार आस्थेनं विचारपूस केली. खदिजा हयात असताना त्या घरी येत असत, हे त्यामागचं कारण.

बाई गेली तरी तिची मैत्री घराला सांभाळायची असते, असा या हकिकतीचा अर्थ मी घेतो. आपण तो सांभाळतो का?

इथं मला अतिया फैजी आठवतात. जंजिरा पाहायला आपण सहकुटुंब जातो, राजापुरीहून होडीत बसतो, किल्ल्यावरच्या तोफांपाशी फोटो काढतो. मात्र शंभर वर्षांपूर्वी याच मुरूडहून देशभर आणि युरोपभर पत्रव्यवहार करणाऱ्या या बाईंचं नाव आपल्या मराठी वाचकांपैकी थोड्यांनाच माहीत असेल. १८७७ साली इस्तंबूलमध्ये जन्मलेल्या अतिया मुंबईच्या तय्यबजी-फैजी कुटुंबातल्या. त्यांची बहीण नाझली ही जंजिऱ्याच्या नवाबांची बेगम, म्हणून मुरूडचा राजवाडा त्यांचं दुसरं घर होतं. १९०६ मध्ये शिक्षिकेचं प्रशिक्षण घेण्यासाठी त्या लंडनला गेल्या. तिथून दुसरी बहीण जोहरा हिला त्यांनी रोजनिशीवजा पत्रं लिहिली आणि जोहरांनी ती लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वाँ’ या स्त्रियांच्या साप्ताहिकाकडे पाठवली. ज्या बायकांना घराचा उंबरा ओलांडणंही कठीण होतं, त्यांनी ती वाचून लंडन पाहिलं. पुढे ‘जमाना-ए-तहसील’ या नावानं त्यांचं पुस्तक झालं.

प्रकृतीमुळे प्रशिक्षण अर्धवट राहिलं. जोडलेली माणसं मात्र राहिली. लंडनमध्ये ओळख झालेले कवी इक्बाल मायदेशी परतल्यावर मनाच्या घुसमटीत होते. त्या काळात त्यांनी मन मोकळं केलं ते अतियांना लिहिलेल्या पत्रांतून. प्रेषितांचं चरित्र लिहिणारे मौलाना शिबली नोमानी या बहिणींना पत्रं लिहीत. अतियांनी १९१२ मध्ये निकाह केला तो पुण्यात जन्मलेले, बेने इस्रायली समाजातले चित्रकार सॅम्युअल रहमीन यांच्याशी. लग्नासाठी सॅम्युअल मुसलमान झाले आणि दोघांनी एकमेकांची आडनावं जोडून फैजी-रहमीन असं नवं नाव घेतलं. सुलेमानी बोहरा घरातली मुलगी आणि कोकणातून आलेल्या, मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातला मुलगा! महाराष्ट्राच्या मातीत हेही घडलेलं आहे.

आमच्या उर्दू जगानं या बाईंचं काय केलं? शिबलींना त्या किती आवडत होत्या, इक्बालांच्या मनात काय होतं, यावर पानंच्या पानं लिहिली गेली. अतियांचं लेखन, संगीतावरची त्यांची इंग्रजी पुस्तकं, शिक्षणासाठीची त्यांची धडपड हे सारं तळटिपेत गेलं. पुरुषांची पुरुषांशी मैत्री असली तर तिला आपण ‘साहित्यिक सहवास’ म्हणतो. बाई त्यात आली की चौकशी सुरू होते. इक्बालांच्या निधनानंतर, १९४७ मध्ये, त्यांची पत्रं अतियांनी स्वतःच पुस्तकरूपानं छापली. लपवण्यासारखं काही नाही, हे सांगण्याचा याहून सरळ मार्ग कोणता?

फाळणीनंतर जिनांच्या निमंत्रणावरून त्या पती आणि नाझली यांच्यासह कराचीला गेल्या. जिनांच्या मृत्यूनंतर तिथलं घर सुटलं. १९६४ मध्ये सॅम्युअल गेले, १९६७ मध्ये अतिया. शेवटची वर्षं ओढगस्तीत गेली. ज्यांच्या दिवाणखान्यात एके काळी कवी, गवई, चित्रकार जमत, त्यांच्या म्हातारपणी दार ठोठावणारे थोडेच उरले. मैत्री जोडायला एक माणूस पुरतं. ती निभवायला मागची पिढीही लागते, असं मला वाटतं.

आजही आपल्या घरांत, कुठल्याही धर्माच्या, लग्नानंतर पहिल्यांदा तुटते ती बाईची मैत्री. नवऱ्याचे दोस्त घरी जेवायला येतात. बायकोची मैत्रीण आली तर ‘किती वेळ बसणार आहे?’ असं विचारलं जातं. नातलगांशी संबंध राखणं, म्हणजे सिला-रहमी, यावर रमजानमध्ये भरपूर बोललं जातं आणि ते योग्यच आहे. मात्र खदिजांच्या मैत्रिणी काही नात्यातल्या म्हणून गोश्ताच्या वाटेकरी नव्हत्या. त्या मैत्रिणी होत्या, तेवढंच पुरेसं होतं.

हे मी दुसऱ्यांना सांगतो आहे खरा, पण माझाही हिशेब चुकलेला आहे. अम्मीची शाळेपासूनची एक मैत्रीण आमच्याच शहरात राहते. आम्ही भावंडं त्यांना काकू म्हणतो. दर रमजानला अम्मी त्यांच्याकडे शीरखुर्म्याचा डबा पाठवायची आणि दिवाळीत तो चकल्या भरून परत यायचा. अम्मीला जाऊन तीन वर्षं झाली. तो डबा आमच्या फडताळात रिकामा पडून आहे आणि या तीन वर्षांत मी एकदाही काकूंच्या घरी गेलेलो नाही. कामं होती, कॉलेजच्या परीक्षा होत्या. पण ही कारणं अम्मीला पटली नसती.

ईदपर्यंत थांबायचं कशाला? आज इफ्तारीला थोडी फळं, थोडी भजी जास्त काढायला सांगितली आहेत. मगरिबच्या आधी तो डबा घेऊन मी काकूंकडे जाणार आहे. तुमच्याही आईच्या, आजीच्या मैत्रिणी कुठे तरी असतील. त्यांचा वाटा तुमच्या घरातून निघू द्या.