फर्नांडिसचा ‘एस’

मागच्या महिन्यात मी एक शहाणपणा केला. ऑफिसच्या ट्रॅव्हल डेस्ककडच्या यादीतली डुप्लिकेट नावं काढायला स्क्रिप्ट लिहिली आणि ‘फर्नांडिस’च्या शेवटी एस दिसला की त्याचा झेड करून टाकला. आडनाव एकच, स्पेलिंग चुकलंय, हा माझा ठाम समज! टीममधली मडगावची मैत्रीण शांतपणे म्हणाली, "पासपोर्टवर एस, तिकिटावर झेड. आता विमानात मला तू बसवणार का?"

मग काय, अख्खा रविवार वाचण्यात गेला.

फर्नांडेझ म्हणजे फर्नांडोचा मुलगा. फर्नांडो हे नाव स्पेनमध्ये राज्य करणाऱ्या व्हिसिगॉथ लोकांच्या जर्मानिक भाषेतलं. त्याच्या दुसऱ्या भागाचा अर्थ धाडस, पहिल्याचा प्रवास की शांतता यावर पंडितांची भांडणं चालू आहेत. पूर्वी हे ‘एझ’ दर पिढीला बदलायचं, आपल्याकडे नावाच्या मध्ये वडिलांचं नाव येतं ना, तसंच. पुढे ते गोठलं आणि आडनाव झालं. आपलं मधलं नाव अजून व्हेरिएबल आहे, त्यांचं कॉन्स्टंट झालं.

गंमत पुढेच आहे. कॅस्टिलियन बोलीत लॅटिनमधल्या शब्दांच्या सुरुवातीच्या ‘फ’चा ‘ह’ झाला आणि मग तोही उच्चारातून गळाला. त्यामुळे हर्नांडेझ हा फर्नांडेझचा सख्खा भाऊ. मेक्सिकोत तर गल्लोगल्ली हर्नांडेझ! पण नावं जुळवण्यासाठी १९१८ साली पेटंट मिळालेली साउंडेक्स पद्धत पहिलं अक्षर तसंच ठेवते. म्हणजे एक एफ६५५, दुसरा एच६५५. भाऊ जन्मात भेटायचे नाहीत.

पोर्तुगीजांनी शेवटी एस लिहिला आणि १५१० नंतर तोच गोव्यात आला. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याचं किंवा धर्मपित्याचं आडनाव मिळायचं. फिलिपिन्समध्ये तर स्पॅनिश गव्हर्नर क्लावेरियाने १८४९ साली आडनावांची यादीच काढली आणि लोकांना त्यातून नावं वाटली.

म्हणून "तुमचे पूर्वज पोर्तुगीज का हो?" हा प्रश्न मला आता मूर्खपणाचा वाटतो (मीही विचारलाय, कबूल). आडनावावरून रक्त कळत नाही, फार तर रजिस्टर कोणाच्या हातात होतं ते कळतं. आणि या खेपेला ते माझ्या हातात होतं, तेही कोणाला न विचारता.

स्क्रिप्टमधली ती ओळ मी काढली. तिकीट मात्र तिनेच एजंटला तीन फोन करून दुरुस्त करून घेतलं.