हातगाडी का थांबते?

मी भाषेची विद्यार्थिनी. बल आणि गती या विषयावर मी लेखणी उचलावी याचे काहींना नवल वाटेल. परंतु विज्ञानाचे पाठही अखेर भाषेतूनच शिकवले जातात आणि ते उमगत नाहीत तेव्हा दोष पुष्कळदा विद्यार्थ्याच्या बुद्धीचा नसून आपल्या सांगण्याच्या रीतीचा असतो, असे माझे मत आहे. हे मत बनण्यास एक प्रसंग कारण झाला.

एका अभ्यासकेंद्रावर प्रौढांचा वर्ग चालू होता. फळ्यावर न्यूटनचा गतिविषयक पहिला नियम लिहिलेला होता : बाह्य असंतुलित बल कार्यरत नसेल, तर स्थिर वस्तू स्थिर राहते आणि गतिमान वस्तू एकसमान वेगाने सरळ रेषेत जात राहते. मागच्या बाकावरून एक गृहस्थ उभे राहिले. बाजारात हातगाडीवरून माल वाहण्यात त्यांची वीस वर्षे गेलेली. ते म्हणाले, "सर, हे काही पटत नाही. मी ढकलायचं थांबवलं की गाडी थांबते. तिला अडवायला कोणी येत नाही." वर्ग हसला. "परीक्षेत पुस्तकातलेच लिहा," असे सांगून शिक्षक दुसऱ्या नियमाकडे वळले. गृहस्थ खाली बसले आणि तास संपेपर्यंत पुन्हा बोलले नाहीत.

मला विचाराल तर त्या वर्गात तो नियम खऱ्या अर्थाने वाचला होता तो त्यांनी एकट्यानेच. इतरांनी तो केवळ उतरवून घेतला होता. त्यांची शंका अडाणीपणाची तर नव्हतीच. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने असेच मानले होते की, वस्तू चालत राहायची तर तिला चालवणारे काहीतरी सतत हवे. पुढे सुमारे दोन हजार वर्षे युरोपातील बहुतेक विद्वानांनी हे मत स्वीकारले. ते मूर्ख नव्हते. रस्त्यावरची प्रत्येक गाडी आणि पाण्यावरची प्रत्येक नाव त्यांच्याच बाजूने साक्ष देत होती.

ही साक्ष अपुरी आहे, हे गॅलिलिओने ज्या युक्तीने दाखवले ती फार सुंदर आहे. समोरासमोर दोन गुळगुळीत उतार ठेवा. एका उतारावरून सोडलेला गोळा दुसऱ्यावर जवळजवळ तितक्याच उंचीपर्यंत चढतो. दुसऱ्या उताराचा चढ कमी केला, तर तेवढी उंची गाठण्यासाठी गोळा अधिक लांब जातो. आता तो चढ काढून टाकून पृष्ठभाग अगदी सपाट केला तर? ती उंची कधी येणारच नाही. मग गोळ्याने थांबावे तरी कशासाठी? तो थांबतो याचा अर्थ त्याला कोणीतरी थांबवते. १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात न्यूटनने हाच विचार पहिल्या नियमाच्या रूपाने मांडला.

हातगाडीला थांबवणारा तो 'कोणीतरी' म्हणजे घर्षण. ते आस आणि चाक यांच्यामध्ये असते, तसेच चाक आणि रस्ता यांच्यामध्येही असते. गंमत अशी की, त्या गृहस्थांना हे ठाऊक होते. ते आसाला वंगण घालत असणारच. गाडीला अडवायला कोणी येत नाही असे म्हणणारा माणूस त्या अडवणाऱ्याचा जोर कमी करण्यासाठी पदरचे पैसे मोजत होता! "तुम्ही वंगण कशासाठी घालता?" एवढा एक प्रश्न शिक्षकांनी विचारला असता, तर नियम त्यांच्या हातात आला असता. १९७७ साली सोडलेले व्हॉयेजर १ हे यान आज सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने दूर जात आहे. त्याला मागून कोणतेही इंजिन ढकलत नाही. तेथे रस्ता नाही, हवा नाही. सूर्याची क्षीण ओढ तेवढी आहे.

थोडे शब्दांविषयीही बोलले पाहिजे. बोलताना आपण जोर, ताकद, शक्ती, बल हे शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरतो. भौतिकशास्त्रात मात्र बल वेगळे आणि शक्ती वेगळी. पाण्याच्या पंपावर लिहिलेली अश्वशक्ती कार्य किती झपाट्याने होते ते सांगते. 'जडत्व' हा शब्द तर हमखास फसवतो. जड म्हणजे वजनदार, एवढेच आपल्या मनात येते. येथे 'जड' शब्दाचा दुसरा अर्थ, म्हणजे जड आणि चेतन या जोडीतला, अधिक उपयोगी पडतो : जे आपण होऊन आपली अवस्था बदलत नाही ते. भरलेली गाडी हलवताना जितकी छाती फुटते तितकीच ती धावू लागल्यावर आवरताना फुटते, हे हमालाला सांगावे लागत नाही. ते त्याला जडत्व या नावाने सांगावे लागते, इतकेच.

प्रौढांना हे सारे कशाला, असे विचारणारे भेटतात. त्यांनी महामार्गावर उभे राहून पाहावे. ताशी ४० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला सुमारे ११ मीटर जाते. ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला असे धरले, तर चांगल्या कोरड्या रस्त्यावर ती थांबेपर्यंत साधारण २१ मीटर अंतर कापते. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ८० झाला की, हे अंतर दुप्पट होईल असे आपले मन सांगते. प्रत्यक्षात ते तिपटीच्या आसपास, ६० मीटरांहून अधिक होते, कारण ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पावसात घर्षण कमी होते आणि हा आकडा आणखी फुगतो. आणि मोटार थांबली तरी तिच्यातील माणसाचे जडत्व त्याला पुढेच नेत असते. आसनपट्टा हे त्या माणसावर कार्य करणारे बाह्य बल होय. ट्रकच्या हौद्यात उभ्याने प्रवास करणाऱ्या मजुरांना असे कोणतेच बल सांभाळत नाही.

प्रश्नपत्रिकेत आजही 'पहिला नियम लिहा' असा प्रश्न येतो आणि पाठ करणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात. त्याऐवजी 'ढकलणे थांबवल्यावर हातगाडी का थांबते?' असे विचारावे, अशी माझी सूचना आहे. त्या गृहस्थांनी लिहिलेले उत्तर मला वाचायला आवडले असते.