वाचलेला जीव आणि डोळ्यांपुढची जाळी

रक्ताच्या कर्करोगावरील भारतीय संशोधन आता पहिल्या पानाची बातमी होऊ लागले आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते आयआयटी मुंबईत देशी कार-टी पेशी उपचाराचे लोकार्पण झाले, तेव्हा देशभरातील विज्ञानप्रेमींना त्याचा सार्थ अभिमान वाटला. त्याआधी १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट कायद्याच्या कलम ३(डी)च्या आधारे नोव्हार्टिसचा इमॅटिनिबविषयीचा दावा फेटाळला, तोही असाच एक दिवस होता. महिन्याला सुमारे १,२०,००० रुपयांना पडणारे औषध देशी कंपन्या आठ-दहा हजारांत देत होत्या, आणि त्या निकालाने ती वाट मोकळी ठेवली. मात्र अशा बातम्या ‘रुग्ण वाचला’ या वाक्याशी थांबतात. त्या वाचलेल्या माणसाच्या पुढच्या वीस-तीस वर्षांविषयी विज्ञानवार्ता क्वचितच बोलते.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचेच उदाहरण घ्यावे. ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे परस्परांत बदलतात, त्यातून बीसीआर-एबीएल हे विकृत जनुक तयार होते आणि अस्थिमज्जा पांढऱ्या पेशींचा अनिर्बंध पुरवठा करू लागते. एका मायक्रोलिटर रक्तात एरवी ४,००० ते ११,००० असणाऱ्या या पेशी निदानाच्या वेळी अनेकदा लाखाच्या वर गेलेल्या असतात. पाश्चात्त्य देशांत हा आजार बहुधा साठीच्या आसपास आढळतो. भारतात तो चाळिशीच्या आतबाहेर, म्हणजे ऐन कर्त्या वयात गाठतो. रोजच्या गोळीने तो आटोक्यात राहिला, तर आयुर्मान जवळजवळ सर्वसामान्यांइतके होते. म्हणूनच उरलेले आयुष्य कसे जाते, हा प्रश्न येथे गौण मानता येत नाही.

समजा, अशीच एक शिक्षिका आहे. रक्ततपासणीचे अहवाल उत्तम, गोळी नियमित. पण वहीचे पांढरे पान उघडले, की डोळ्यांपुढे एक तंतू तरंगत येतो. नजर फिरवावी, तर तोही सरकतो. नजर स्थिर करावी, तर संथपणे खाली उतरतो. घरी सांगितले, तर उत्तर मिळते, ‘अगं, एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठलीस, ठिपक्याचं काय घेऊन बसलीस?’ दवाखान्यातही पुष्कळदा याच आशयाचे उत्तर थोड्या सभ्य भाषेत मिळते.

हा ठिपका भास नव्हे, ती खरीखुरी सावली असते. डोळ्याच्या पोकळीत सुमारे ४ मिलिलिटर पारदर्शक जेली असते. तिच्यात ९८ टक्क्यांहून अधिक पाणी आणि उरलेल्या भागात मुख्यतः कोलॅजनचे सूक्ष्म तंतू व हायलुरोनिक आम्ल. वयानुसार ही जेली पातळ होते, तंतू एकत्र गोळा होतात आणि त्यांची छाया दृष्टिपटलावर पडते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नेत्ररोगांच्या वर्णनात माश्या, डास, केस आणि जाळी दिसण्याचा उल्लेख आहे; तक्रार इतकी जुनी आहे. उजेडात ती अधिक का जाणवते, याचे उत्तर भूमितीत आहे. प्रखर प्रकाशात बाहुली आकसून २ मिलिमीटरपर्यंत येते. अशा वेळी पडद्यापासून १ मिलिमीटर अंतरावरील तंतूच्या सावलीची कड जेमतेम ०.१ मिलिमीटर पसरते. अंधूक उजेडात बाहुली ६ मिलिमीटर झाली, की हा पसारा तिप्पट होतो आणि सावली विरघळून जाते. दृष्टिपटलावरची ०.१५ मिलिमीटर रुंदीची सावली आकाशातील पूर्ण चंद्राएवढी जागा अडवते. हे लक्षात घेतले, म्हणजे ‘एवढासा ठिपका’ हे शब्द जपून वापरावेसे वाटतील.

निळ्या आकाशाकडे पाहताना निरोगी माणसालाही लखलखणारे सूक्ष्म बिंदू झरझर धावताना दिसतात. त्या दृष्टिपटलाच्या केशवाहिन्यांतून जाणाऱ्या स्वतःच्याच पांढऱ्या पेशी असतात. त्यांत आजार काही नाही. तरंगते तंतू मात्र निराळे, आणि ल्युकेमियाच्या रुग्णात त्यांचा अर्थही निराळा असू शकतो. पांढऱ्या पेशींच्या गर्दीने रक्त दाट होणे, बिंबिका घटणे किंवा रक्तक्षय होणे यांमुळे दृष्टिपटलात रक्तस्राव होऊ शकतो. तो जेलीत उतरला, तर रुग्णाला धूर किंवा काळ्या ठिपक्यांचा वर्षाव दिसतो. काही रुग्णांत तर रक्तविकाराचा पहिला सुगावा नेत्रतज्ज्ञालाच लागतो. दुसरीकडे, हाच तंतू केवळ वयाचा किंवा जाड चष्म्याच्या नंबराचा परिणामही असू शकतो. नुसत्या वर्णनावरून हा निवाडा होत नाही. त्यासाठी थेंब घालून बाहुली मोठी करून केलेली पडद्याची तपासणी आणि ताजी रक्तगणना, दोन्ही हव्यात. ठिपके अचानक वाढले, विजेसारखे चमकारे दिसले किंवा दृष्टीच्या कडेला पडदा ओढल्यासारखे झाले, तर ही तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी. उद्यावर ढकलणे म्हणजे दृष्टीशी जुगार.

आणि समजा, तपासणीत धोका आढळला नाही, तर? येथेच व्यवस्थेची खरी कसोटी लागते. दृष्टी मोजण्याचा तक्ता ६/६ दाखवतो आणि प्रकरण मिटते. परंतु तक्त्यावरची काळी ठळक अक्षरे ओळखता येणे आणि फिकट रंगछटांतील फरक कळणे या वेगळ्या क्षमता आहेत. त्रासदायक तंतू असलेल्यांची ही दुसरी क्षमता घटते, असे मोजमापांतून दिसले आहे. जी गोष्ट मोजलीच जात नाही, ती ‘नाही’ असे समजण्याची चूक प्रयोगशाळेतला पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही करणार नाही. चिकित्सेत मात्र ती सर्रास होते.

शस्त्रक्रियेने ही जेली काढता येते. पण तिच्यामागे मोतीबिंदू लवकर येण्याची आणि क्वचित पडदा सुटण्याची जोखीम असते. त्यात डॅसॅटिनिब किंवा इब्रुटिनिबसारखी औषधे रक्तस्रावाची शक्यता वाढवतात. म्हणजे निर्णय एकट्या नेत्रतज्ज्ञाचा नाही, एकट्या रक्तविकारतज्ज्ञाचाही नाही. प्रत्यक्षात दोन्ही विभाग वेगळ्या इमारतींत, अनेकदा वेगळ्या शहरांत असतात. त्यांच्यातला निरोप्या म्हणजे हातात फाइल घेतलेला रुग्ण. आयुष्मान भारत योजनेचा भर रुग्णालयात दाखल होण्यावर आहे; बाह्यरुग्ण विभागातील डोळ्यांची तपासणी तिच्या कक्षेत येत नाही. दीर्घ आजाराचे बहुतेक आयुष्य तर याच विभागाच्या बाकांवर जाते.

म्हणून मागण्या साध्या आहेत. ल्युकेमियाचे निदान होताच डोळ्यांच्या पडद्याची एक आधारभूत तपासणी व्हावी, म्हणजे पुढची तक्रार कशाशी तरी ताडून पाहता येईल. रुग्णांच्या नोंदवह्यांत पेशींच्या आकड्यांबरोबर दृष्टीचाही रकाना असावा. गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाच्या समन्वयाने चालणाऱ्या औषधसतर्कता कार्यक्रमात रुग्ण स्वतः दुष्परिणाम कळवू शकतो, त्याचा अर्ज मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहे, हे प्रत्येक कर्करोग केंद्राच्या भिंतीवर लिहिलेले असावे.

यावर आक्षेप ठरलेला आहे: जिथे औषधच वेळेवर पोहोचत नाही, तिथे ठिपक्यांची चैन कशाला? आक्षेपात तथ्य आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे. पडद्याची तपासणी महागडी नाही आणि वेळीच सापडलेला रक्तस्राव नोकरी व शिक्षण दोन्ही वाचवतो. शिवाय ज्या रुग्णाची लहान तक्रार हसण्यावारी नेली जाते, तो पुढची मोठी तक्रारही सांगेनासा होतो.

आयुष्य वाढवून दिल्याचे श्रेय विज्ञान घेते, आणि ते रास्तही आहे. मग त्या वाढलेल्या आयुष्यातून माणसाला जग कसे दिसते, याची चौकशी करणे हेही विज्ञानाचेच काम ठरते.