स्त्रीच्या हाती रिव्हॉल्व्हर : संरक्षण की शासनाची सुटका?

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आणि चंद्रपूरकडे वळणारा रस्ता जेथे एकमेकांचा निरोप घेतात, तेथे समुद्रपूर तालुक्यातील जाम हे गाव आहे. रात्रंदिवस वाहणाऱ्या या चौरस्त्यावर सायंकाळच्या सुमारास मुलींचे व नोकरदार स्त्रियांचे घोळके एस.टी.ची वाट पाहत उभे असतात. कोणी हिंगणघाटच्या महाविद्यालयातून परतत असते, कोणी दुकानातून, कोणी कारखान्यातून. गेल्या पावसाळ्यात येथेच माझी एक माजी विद्यार्थिनी भेटली. पदवी घेऊन ती आता एका खाजगी आस्थापनेत हिशेब लिहिते व शेवटच्या गाडीने गावी जाते. इकडचेतिकडचे बोलणे झाल्यावर तिने आवाज खाली आणून विचारले, "सर, बायांनी जवळ ठेवावं असं रिव्हॉल्व्हर कोणतं असते? आणि त्याचं लायसन्स कसं काढतात?"

वर्गात तिने मला मागणीच्या लवचिकतेवर प्रश्न विचारले होते. हा प्रश्न त्या जातीचा नव्हता. काही महिन्यांपासून एक ओळखीचा तरुण तिच्या मागावर होता. तिने तक्रार केली होती, त्याला समज देण्यात आली होती, आणि आठवड्याभराने तो पुन्हा थांब्यावर उभा होता.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याचा अधिकार निदान या भागातील माणसाला नाही. ३ फेब्रुवारी २०२० रोजी सकाळी हिंगणघाटच्या नंदोरी चौकात महाविद्यालयाकडे निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेवर पेट्रोल टाकून तिला पेटवून देण्यात आले. १० फेब्रुवारीला नागपूरच्या रुग्णालयात तिचा अंत झाला. मारेकरी तिच्या ओळखीचा होता व तो तिच्या मागावर होता. बरोबर दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी २०२२ रोजी, न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली. न्याय झाला, परंतु न्याय आणि संरक्षण या दोन भिन्न वस्तू आहेत, याची जाणीव त्या दिवसापासून येथील प्रत्येक मुलीच्या आईबापांना आहे.

स्वसंरक्षणाच्या हक्काविषयी मुळात वाद असण्याचे कारण नाही. जुन्या भारतीय दंड विधानाच्या १०० व्या कलमाने, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३८ व्या कलमाने, बलात्काराच्या, अपहरणाच्या वा आम्लहल्ल्याच्या प्रसंगी आक्रमकाचा प्राण घेण्यापर्यंतचा हक्क मान्य केला आहे. अहिंसेच्या उपासकांनाही हे अमान्य नव्हते. याच जिल्ह्यातील सेवाग्रामला ज्यांनी आपले घर केले, त्या गांधीजींनी मार्च १९४२ मध्ये 'हरिजन'मधून लिहिले होते की अत्याचाराच्या क्षणी स्त्रीने हिंसा-अहिंसेचा खल करीत बसू नये; आत्मरक्षण हेच तिचे आद्य कर्तव्य होय, आणि त्यासाठी सुचेल तो मार्ग तिने योजावा. तेव्हा प्रश्न हक्काचा नसून साधनाचा आहे. पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर हे साधन त्या क्षणी तिच्या कितपत उपयोगी पडते?

निवड कोणत्या निकषावर?

स्त्रियांसाठी म्हणून खास हत्यार विकण्याची कल्पना आपल्याकडे परदेशातून आली. अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन या कंपनीने १९८९ मध्ये 'लेडीस्मिथ' या नावाची रिव्हॉल्व्हरे बाजारात आणली. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील अमानुष घटनेनंतर आपल्या सरकारी शस्त्रनिर्माणीनेही तोच कित्ता गिरविला. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरहून 'निर्भीक' नावाचे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर निघाले. टिटॅनियमच्या मिश्रधातूचे, वजन सुमारे ५०० ग्रॅम, सहा गोळ्यांचे आणि दागिन्यांच्या पेटीसारख्या डबीत ठेवलेले! ऑगस्ट २०२३ मध्ये, शस्त्रनिर्माणींचे कंपन्यांत रूपांतर झाल्यानंतर, कानपूरच्याच सरकारी कंपनीने 'प्रबल' आणले. त्याचा पल्ला ५० मीटर असल्याचे सांगण्यात आले, आणि हलके असल्याने स्त्रियांच्या पर्समध्ये सहज मावते, हेही आवर्जून सांगण्यात आले.

हलके म्हणजे स्त्रियांना सोयीचे, हे समीकरण दिसते तितके सरळ नाही. काडतूस तेच असेल तर हत्यार जितके हलके तितका त्याचा मागे बसणारा धक्का अधिक. आखूड नळीने नेम साधणे कठीण. आणि घोडा मागे न ओढता नुसता चाप दाबून रिव्हॉल्व्हर झाडावयाचे तर बोटाला बराच जोर लागतो. म्हणून हत्यार निवडताना त्याच्या रंगरूपापेक्षा काही साधे प्रश्न महत्त्वाचे ठरतात. मूठ हातात नीट बसते काय? बोट चापापर्यंत सहज पोहोचते काय? पहिल्या गोळीच्या धक्क्यानंतर दुसरा नेम धरता येतो काय? आणि सर्वांत मोठा प्रश्न सरावाचा. महिनोन्‌महिने गोळीबाराचा सराव केल्याशिवाय हत्यार हे हत्यार होत नाही, नुसते ओझे होते. जामच्या मुलीने हा सराव कोठे व कोणाच्या पैशाने करावा?

यापुढचा प्रश्न जवळ बाळगण्याचा. साडीला वा पंजाबी ड्रेसला कमरेचे म्यान लावण्याची सोय नाही. राहता राहिली पर्स. पर्स हिसकावली गेली तर हत्यार हल्लेखोराच्या हाती. न हिसकावली तरी चेन उघडून, रुमाल, पास व डबा बाजूला सारून ते बाहेर काढावयाचे! सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले होते की चाकूधारी माणूस २१ फुटांचे अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो. हा हिशेब कमरेला म्यान असलेल्या, शिकवून तयार केलेल्या पोलिसासाठी होता. पन्नास मीटरचा पल्ला ज्या धोक्यासाठी आहे, तो धोका आमच्या मुलींचा नाही. त्यांचा धोका हाताच्या अंतरावर, ओळखीच्या चेहऱ्याने, भर सकाळी चौकात उभा राहतो.

परवान्याचा विरोधाभास

शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवान्याशिवाय बंदूक बाळगणे हा गंभीर गुन्हा आहे. १९८३ च्या दुरुस्तीनंतर २१ वर्षांखालील व्यक्तीला, क्रीडा-सरावाचा अपवाद सोडल्यास, परवाना मिळत नाही. म्हणजे थांब्यावर उभ्या असलेल्या महाविद्यालयीन मुलींपैकी बहुतेकींचा प्रश्न येथेच निकालात निघतो. उरलेल्यांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावयाचा, २०१६ च्या नियमांप्रमाणे शस्त्रसुरक्षेचे प्रशिक्षण घ्यावयाचे, आणि पोलिसांच्या चौकशीत आपल्या जिवाला खरोखरीच धोका असल्याचे पटवून द्यावयाचे.

या शेवटच्या अटीकडे वाचकांनी नीट लक्ष द्यावे. अर्जदार स्त्रीचा अर्ज फेटाळला गेला, तर शासनाच्या मते तिला धोका नाही. तो मंजूर झाला, तर शासनाने लेखी मान्य केले की तिच्या जिवाला धोका आहे. धोका आहे हे ज्याला कळले, त्याने प्रथम काय करावयास हवे? ज्याच्यापासून धोका आहे त्याला आवरावयास हवे. त्याऐवजी शासन स्त्रीला सांगते की, धोका खरा आहे, आता तुझे तू पाहा. परवान्याचा कागद हा अशा वेळी संरक्षणाचा दाखला न राहता शासनाच्या सुटकेची पावती होऊन बसतो.

हेच तक्रारीच्या बाबतीत. स्त्रीचा पाठलाग करणे हा स्वतंत्र गुन्हा २०१३ मध्ये दंड विधानात आला; आज तो न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात आहे. परंतु पहिल्या वेळी तो जामीनपात्र आहे. दुसऱ्यांदा दोषी ठरल्यासच तो अजामीनपात्र मानला जातो. हिंगणघाटनंतर कडक कायद्याची मागणी उठली. डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या विधिमंडळाने 'शक्ती' विधेयक संमत केले. पण राष्ट्रपतींच्या संमतीअभावी ते अमलात येऊ शकले नाही. फाशीच्या तरतुदीवर पुष्कळ चर्चा झाली. पहिल्या तक्रारीचे दुसऱ्या दिवशी काय होते, यावर फारशी झाली नाही.

धोका कोठे आहे?

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी कार्यालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात स्त्रियांवरील गुन्ह्यांची ४,४५,२५६ प्रकरणे नोंदली गेली. त्यांतील जवळजवळ तिसरा हिस्सा पती वा त्याच्या नातलगांनी केलेल्या छळाचा आहे. बलात्काराच्या प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असण्याचे प्रमाण वर्षानुवर्षे ९० टक्क्यांहून अधिक आहे. शेजारी, नातलग, मित्र, मालक अशांवर बंदूक रोखण्याचा क्षण सहसा येतच नाही; आला तरी हात उचलत नाही.

उलट घरात आलेली बंदूक ही घरातील सर्वांची होते. परवाना पत्नीच्या नावाचा असला तरी कपाटाची किल्ली कोणाच्या कमरेला असते, हे आपल्या समाजात वेगळे सांगावयास नको. अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जॅकलिन कॅम्पबेल व सहकाऱ्यांच्या अभ्यासात असे आढळले की, मारझोड करणाऱ्या पुरुषाला बंदूक उपलब्ध असेल तर स्त्रीची हत्या होण्याचा धोका सुमारे पाचपट वाढतो. 'निर्भीक' बाजारात आले तेव्हा, बंदुकांनी विधवा झालेल्या मणिपुरी स्त्रियांत काम करणाऱ्या बीनालक्ष्मी नेप्राम यांनी त्याचा कडाडून निषेध केला होता. बंदुकीच्या सावलीत राहिलेल्या प्रदेशाचा तो अनुभव होता.

किंमत कोणी मोजावी?

अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून एक साधा हिशेब मांडतो. 'निर्भीक'ची किंमत २०१४ मध्ये सुमारे १ लाख २२ हजार रुपये होती. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला १६८ रुपये होता. म्हणजे सव्वासातशे दिवसांची मजुरी. आणि हमी तर कुटुंबाला वर्षाकाठी १०० दिवसांचीच होती! कापूस वेचणाऱ्या बाईने सात वर्षांची हमीची मजुरी न खाता साठविली तर तिला हे संरक्षण विकत घेता येणार होते. जिला गरज सर्वाधिक तिला ते अप्राप्य, आणि जिला ते परवडते ती बहुधा शेवटच्या एस.टी.ने प्रवास करीत नाही.

सुरक्षितता ही सार्वजनिक वस्तू आहे. रस्त्यावरचा दिवा एकीसाठी लावला तरी दहाजणींना उजेड देतो. पर्समधील रिव्हॉल्व्हर दहाजणींना पुरत नाही. सार्वजनिक वस्तू खाजगी बाजारात ढकलली की ती महाग होते, विषम वाटली जाते आणि मुळात ती पुरविण्याची जबाबदारी कोणाची होती याचाच विसर पडतो. मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना निम्मे भाडे झाले. स्त्रिया घराबाहेर पडाव्यात असे शासनाला वाटते, ही चांगलीच गोष्ट. मग अर्ध्या तिकिटात थांब्यापासून घरापर्यंतचे अंधारे अंतरही धरले पाहिजे. थांब्यावर चालू दिवा, वेळेवर येणारी शेवटची गाडी, गाडी येईतो तेथे थांबणारा एक शिपाई, आणि पाठलागाच्या पहिल्याच तक्रारीनंतर आरोपीला त्या थांब्यापासून दूर ठेवणारी व रोज पडताळली जाणारी अट. या गोष्टींना नवा कायदा लागत नाही, आणि त्यांचा खर्च काही रिव्हॉल्व्हरांच्या किमतीहून फार अधिक येईल असे वाटत नाही.

माझ्या विद्यार्थिनीला मी हे सारे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले व म्हणाली, "सर, हे सगळं खरं आहे. पण उद्या संध्याकाळी मी काय करू?" त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर पोलिसांत गेलो, दुसरी तक्रार लिहून दिली व तिची पोच घेतली. परंतु प्रत्येक मुलीबरोबर तिचा मास्तर जाऊ शकत नाही. आणि मास्तर बरोबर असल्यावरच तक्रारीची पोच मिळावी, हेही भूषणावह नाही. परवान्याचा कोरा अर्ज अजून तिच्या पर्समध्ये आहे. तिने तो भरला तर तिला दोष देण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. तो भरण्याची वेळ तिच्यावर कोणी आणली, एवढा जाब मात्र आपण विचारलाच पाहिजे.