‘अभिलेख उपलब्ध नाही’

मराठी विभागांत इतिहासाचार्य राजवाड्यांचे नाव निघाले की आपला आवाज आपोआप चढतो. वाईच्या वाड्यात सापडलेली पत्रे, १८९८ साली निघालेला ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड, जुन्या घरांच्या माळ्यांवरून उतरवलेली रुमाले हे सारे आपण भक्तिभावाने शिकवतो. पुण्याचे पेशवे दप्तर इंग्रज सरकारने अभ्यासकांना दीर्घकाळ बंद ठेवले होते, हेही तेवढ्याच चिडीने सांगतो. त्या दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० नंतर सरदेसायांच्या संपादनाखाली छापले गेले आणि ते आज आपल्या ग्रंथालयांत धूळ खात आहेत. मात्र ज्या गावात आपण राहतो, त्या गावच्या ग्रामपंचायतीत जाऊन गेल्या वर्षीच्या ग्रामसभेचे इतिवृत्त मागावे, असे आपल्यापैकी किती जणांना वाटते? दोनशे वर्षांपूर्वीचा कागद म्हणजे साधन आणि कालचा कागद म्हणजे कारकुनी, ही प्रतवारी कोणी ठरवली?

हे लिहिताना डोळ्यांपुढे पनवेल तालुक्यातील विचुंबे आहे. नवीन पनवेलला खेटून असलेले हे गाव. २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली तेव्हा तिच्या हद्दीत आलेल्या २९ गावांत विचुंबे नव्हते. त्याआधी २०१३ पासून ‘नैना’ क्षेत्राचे नियोजन सिडकोकडे गेले होते आणि विचुंबे त्या क्षेत्रात होते. परिणामी, एकाच गुंठ्याची कहाणी अनेक ठिकाणी विखुरलेली सापडते. घराची कर आकारणी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, सातबारा आणि फेरफार तलाठ्याकडे, मोजणीचा नकाशा भूमी अभिलेखाच्या कार्यालयात, नियोजनाचा नकाशा सिडकोकडे आणि काही मंजुऱ्या अलिबागला. कादंबरीत अनेक निवेदक असले की आपण त्यावर प्रबंध लिहितो. इथे अनेक निवेदक आहेत आणि त्यांचे निवेदन जुळत नाही तेव्हा नुकसान जमीनमालकाचे होते.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णतः लागू झाला. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा त्याहून आधीचा, २००२ चा. अर्जाला दहा रुपये, प्रतीला पानामागे दोन रुपये, उत्तराला तीस दिवस. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याचे बंधन नाही. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर पाच दिवसांत तो योग्य ठिकाणी पाठवण्याची जबाबदारी कार्यालयाची. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. अडते ते पुढे, आणि अडते ते भाषेपाशी.

महाराष्ट्राने २०१२ मध्ये नियम केला की अर्ज एकाच विषयावर असावा आणि सामान्यतः दीडशे शब्दांपेक्षा मोठा नसावा. या नियमावर पुष्कळ टीका झाली आणि एका विषयाची अट जाचक आहे, हे मलाही मान्य आहे. परंतु दीडशे शब्द कमी पडतात ते कागदाचे नाव माहीत नसणाऱ्याला. ‘आमच्या रस्त्याच्या कामात गैरप्रकार झाला असून त्याची सर्व माहिती मिळावी’ असे लिहिले की ‘मागणी मोघम आहे’ असे उत्तर येते, आणि ते पूर्णपणे चुकीचेही नसते. त्याच कामाचे अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने आणि देयकाची प्रत अशी चार नावे घेतली, तर अर्ज चाळीस शब्दांत संपतो आणि टाळायला जागा उरत नाही. ‘का’ विचारण्यात तर अर्थच नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्येच स्पष्ट केले की एखादी गोष्ट का केली वा का केली नाही याचे उत्तर म्हणजे या कायद्यातली ‘माहिती’ नव्हे. मात्र त्या ‘का’चे उत्तर ज्या टिपणीत दडलेले असते, ती टिपणी मागता येते.

आता शीर्षकातल्या वाक्याकडे वळू. ‘सदर अभिलेख या कार्यालयात उपलब्ध नाही.’ तीन-चार वर्षांपूर्वी एका कार्यालयाने मला हेच वाक्य धाडले. खाली सही होती, कारण नव्हते. या वाक्याचे निदान चार अर्थ होतात : कागद कधी तयारच झाला नाही, झाला, पण दुसऱ्या कार्यालयात आहे, होता, पण मुदत संपल्यावर रीतसर नष्ट केला, होता, पण सापडत नाही. कायद्याच्या दृष्टीने या चार वेगवेगळ्या घटना आहेत. दुसऱ्या अर्थी अर्ज पुढे पाठवायला हवा होता. तिसऱ्या अर्थी नष्ट केल्याची नोंद हवी. चौथ्या अर्थी महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आठवायला हवा, कारण अभिलेख जपणे ही त्या कायद्याने घातलेली जबाबदारी आहे. ‘उपलब्ध’ या एका तत्सम शब्दाच्या आडोशाला चौघेही उभे राहतात. ‘करण्यात येत आहे’, ‘कळविण्यात येते’ या कर्ताहीन रचनांचेही तसेच. म्हणूनच कायदा नकार देणाऱ्याला कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय प्राधिकाऱ्याचा तपशील लिहायला लावतो. वाक्यातून पळालेला कर्ता परत आणण्याचीच ही तरतूद आहे. पहिल्या अपिलात एवढेच विचारावे : चारांपैकी कोणता अर्थ? संदिग्धतेचे प्रकार कवितेत दाखवून देणाऱ्या आम्हा मंडळींना हे जमू नये?

‘हे कार्यकर्त्यांचे काम, साहित्याचे नव्हे’ असे उत्तर यावर हमखास येते. दुसरे उत्तर असे की अर्जांचा धंदा करणाऱ्यांनी कार्यालये हैराण केली आहेत. धंदा करणारे आहेत, नाकारत नाही. पण त्यांचा धंदा चालतो तो कागदांची नावे त्यांनाच ठाऊक असल्यामुळे. पूर्वी गावात मोडी वाचणारा एकच असे आणि त्याचा जो दरारा होता, तोच हा.

आणि खरी हानी पाहायची तर तारखा मांडून पाहाव्यात. नगररचना योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला की १९६६ च्या प्रादेशिक नियोजन कायद्यानुसार हरकत घ्यायला तीस दिवस मिळतात. ‘नैना’च्या योजनांत मालकाकडे जमिनीचा चाळीस टक्के हिस्सा अंतिम भूखंड म्हणून राहतो, तेव्हा हरकत ही काही हौस नव्हे. आता त्या हरकतीसाठी लागणारा कागद माहिती अधिकारात मागितला, तर उत्तराची मुदतही तीस दिवस. कागद हाती येईल तेव्हा हरकतीचा दरवाजा बंद झालेला असेल, आणि यात कुणी कायदा मोडलेला नसेल! या पेचाचे उत्तर अर्जात नाही, ते कलम ४ मध्ये आहे : अभिलेखांची सूची करणे आणि सतरा प्रकारची माहिती न मागता प्रसिद्ध करणे. या कामाला कायद्याने १२० दिवस दिले होते. वीस वर्षे उलटली.

दरम्यान उलट्या दिशेने एक पाऊल पडले. वैयक्तिक माहितीविषयीचे कलम ८(१)(जे) पूर्वी अटींनी बांधलेले होते : सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खाजगीपणावर विनाकारण घाला घालणारी माहितीच त्यात मोडत असे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ ने या अटी कापल्या, आणि नोव्हेंबर २०२५ पासून ती दुरुस्ती लागू झाली. आता उरले आहे ते ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच. जनहित मोठे ठरल्यास माहिती देता येते, हे कलम ८(२) शाबूत आहे, पण ते सिद्ध करण्याचे ओझे व्यवहारात अर्जदारावर येणार. घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी घ्या. त्यात नावांखेरीज असते काय? पाठभेदाचा अभ्यास करणाऱ्यांनी ही दोन्ही रूपे शेजारी ठेवून वर्गात वाचावीत. काही शब्द गाळल्याने संहितेचे काय होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण हस्तलिखितांतही सहसा मिळत नाही.

आमच्या ‘व्यावहारिक मराठी’च्या पेपरात अर्जलेखन आहेच. मायना, विषय, ‘आपला विश्वासू’. विद्यार्थी दहा गुणांसाठी काल्पनिक आयुक्तांना काल्पनिक खड्ड्याविषयी लिहितो आणि विसरतो. त्याऐवजी त्याला स्वतःच्या गावचा एक कागद नावानिशी मागायला सांगावा, आलेले उत्तर वर्गात वाचावे आणि अपील लिहून घ्यावे. अर्ज नको असेल तर नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने जिल्हा पातळीवरील कार्यालये व स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच अभिलेख पाहण्याची मुभा दिली आहे. अभ्यास मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा बदल मी लेखी मांडणार आहे, आणि त्या बैठकीच्या इतिवृत्ताची प्रतही मागणार आहे.