हसू नका, ते गाव खरं होतं

२०२५ च्या जून महिन्यात मी इंग्लंडात, लेस्टरला, धाकट्या बहिणीकडे होते. एका शनिवारी भाच्याचे तीन मित्र जेवायला आले. सगळे तिशी ओलांडलेले, एकाच्या कडेवर तर मूल. जेवणं झाल्यावर कुणीतरी लॅपटॉप उघडला आणि चौघंही जे त्यावर वाकले ते तासभर मान वर करायला तयार नाहीत. पडद्यावर काय, तर ठोकळ्या-ठोकळ्यांची माणसं, एक दगडी किल्ला, नदी, पूल आणि कोंबड्या. "इथं मी पहिल्यांदा मेलो होतो!" "आणि इथंच तू मला फसवलं होतंस!" असा सगळा दंगा. खेळाचं नाव रूनस्केप.

आमचे मेहुणे सोफ्यावरून म्हणाले, "बघा ताई, आपल्याला गावाची आठवण येते, ह्यांना कोंबड्या मारल्याची येते. ह्याला म्हणे नॉस्टॅल्जिया!"

सगळे हसले. मीही हसले. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र ते हसणं मला टोचायला लागलं. कारण त्या खेळाच्या बाबतीत मी नुसती हसलेली नाही, एक अपराधही केलेला आहे. तो पुढे सांगते. त्याआधी मेहुण्यांशी, आणि त्यांच्यासारखं बोलणाऱ्या माझ्या वयाच्या सगळ्यांशीच मला भांडायचं आहे.

ज्यांना ह्यातलं काहीच ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. (मलाही ठाऊक नव्हतं. भाच्यानं चार दिवस शिकवणी घेतली. चौतीस वर्षं मुलांना शिकवलेल्या बाईला विद्यार्थी होण्याची मजा काही वेगळीच!) इंटरनेटवरून अनेकांनी एकाच काल्पनिक जगात वावरायचं ही कल्पना तशी जुनी. इंग्लंडातल्याच एसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल ह्या दोन विद्यार्थ्यांनी 'मड' नावाचं असं जग उभं केलं. त्यात चित्र एकही नव्हतं, सगळा कारभार अक्षरांचा. 'उत्तरेला जा' असं टाइप करायचं आणि तिथं काय दिसतंय ते वाचायचं. पुढे केंब्रिजला शिकणाऱ्या अँड्र्यू गॉवरनं भाऊ पॉल ह्याच्या मदतीनं ४ जानेवारी २००१ रोजी रूनस्केप लोकांसाठी खुलं केलं. सुरुवातीचा कारभार नॉटिंगहॅममधल्या आईवडिलांच्या घरातून चालायचा. लेस्टरहून तिथं जायला तासभरही लागत नाही.

ह्या खेळाला सीडी विकत घ्यावी लागत नसे. महागडा कॉम्प्युटरही नको. ब्राउझर उघडला की खेळ सुरू, तोही फुकट. काही भागांसाठी २००२ पासून महिन्याची वर्गणी आली, पण ती न भरताही वर्षानुवर्षं खेळता येत असे. त्यामुळे ज्यांच्या घरी खेळाचं यंत्र घ्यायची ऐपत नव्हती ती मुलं शाळेच्या ग्रंथालयातल्या जुनाट कॉम्प्युटरवरसुद्धा तिथं जाऊ शकत होती.

आणि तिथं जाऊन करायचं काय? हेच तर मेहुण्यांना कळत नाही. लम्ब्रिज नावाच्या किल्ल्यापाशी तुम्ही जवळजवळ रिकाम्या हातानं उभे राहता. कोंबड्या मारा, पिसं गोळा करा. गाई मारून कातडी विका. मासे धरा, ते भाजायला शिका, भाजताना अर्धे करपवा. मासेमारीत ४० वी पातळी गाठल्याशिवाय शेवंड धरता येत नाही. ते धरायला करामजा नावाच्या बेटावर जायचं तर बोटीला ३० नाणी मोजायची. प्रत्येक कसबाच्या ९९ पातळ्या. गंमत अशी की ९९ व्या पातळीला एक कोटी तीस लाखांच्या वर गुण लागतात आणि त्यातले निम्मे भरतात ते ९२ व्या पातळीला. म्हणजे शेवटच्या सात पायऱ्यांना आधीच्या ब्याण्णव पायऱ्यांइतके कष्ट! मी हे ऐकून टाळी दिली. गणिताचा पेपर असो की सुंदर हस्ताक्षर, शेवटचे थोडे गुण किती महाग असतात हे मी जन्मभर वर्गात सांगत आले. एकाही पोराला पटलं नाही. ते ह्या खेळानं लाखो पोरांच्या गळी उतरवलं.

आता मेहुण्यांचा पहिला मुद्दा. ते म्हणतात की ती जागाच नव्हती, नुसता पडदा होता. मग आठवण कसली?

मी भाच्याला डोळे मिटायला सांगितलं आणि विचारलं, किल्ल्यातून गाईंच्या कुरणाकडे कसा जाशील? त्यानं क्षणभरही विचार न करता पूल, वळण, कुंपणाचं फाटक, सगळं सांगितलं. मला माझ्या आजोळच्या ओढ्याकडची वाट अशीच सांगता येते. जागा म्हणजे नुसती माती नसते. जिथं आपण हरवलो, घाबरलो, जिथं कुणी अनोळखी माणसानं वाट दाखवली, ती जागा. आणि त्या खेळात माणसं खरी होती हो! बाहुल्या खोट्या, पण प्रत्येक बाहुलीमागे कुठल्यातरी घरात बसलेलं एक पोर. २००७ च्या नोव्हेंबरात खरेदी-विक्रीची केंद्रीय पेठ उघडली. त्याआधी वॅरॉक शहरातल्या बँकेसमोर शेकडो जण उभं राहून आपला माल ओरडून विकत. ओरडून म्हणजे टाइप करून. घासाघीस, उधारी, ओळख, पत, सगळं तिथं होतं. आठवडी बाजार ज्यानं पाहिला आहे त्याला हे निराळं सांगायला नको.

दुसरा मुद्दा वेळ वाया गेल्याचा. ह्यात तथ्य आहे आणि शिक्षिका म्हणून मी ते नाकारणार नाही. डोळे बिघडले, जागरणं झाली, कुणाकुणाचे वर्ष बुडाले. पण तो प्रश्न किती वेळ खेळू द्यायचं ह्याचा, म्हणजे घरातल्या मोठ्यांचा. खेळलेल्याची आठवण खरी की खोटी हे त्यावरून ठरत नाही. आपण परक्याच्या परसातले पेरू चोरले, परीक्षेच्या आदल्या दिवशी सूरपारंब्या खेळलो, हात मोडून घेतले. त्यावर आज आपण डोळे ओले करून लेख लिहितो आणि लोक वाहवा करतात. आपला उनाडपणा म्हणजे संस्कृती आणि त्यांचा म्हणजे व्यसन! हा कुठला न्याय?

पोरांनाही एक सांगते. तो काळ सोन्याचा होता असं म्हणू नका. तिथं 'तुझं चिलखत फुकटात सोनेरी काठाचं करून देतो' म्हणून लहानांना लुबाडणारे होते. भाच्याचं चिलखत असंच गेलं. दोन दिवस जेवला नाही म्हणे. आणि महिन्याभरानं त्यानं तीच युक्ती दुसऱ्या एका पोरावर केली. हे त्यानं मला खाली मान घालून सांगितलं. मला त्या कबुलीचं बरं वाटलं. जिथं आपण फसलो आणि फसवलं, आणि वीस वर्षांनी ज्याची लाज वाटते, ती जागा खोटी कशी?

आता माझा खरा मुद्दा. आपली आणि त्यांची आठवण सारखी आहे, एवढंच म्हणून मी थांबणार नाही. त्यांच्या आठवणीत एक तक्रार आहे, जी आपल्या आठवणीत बहुतेक वेळा नसते. आपलं बालपण काळानं नेलं. पारंब्यांचं झाड वादळात पडलं, माणसं म्हातारी झाली, गावं बदलली. त्याबद्दल कुणाशी भांडणार? ह्या मुलांचं गाव मात्र काळानं नेलेलं नाही. ते मालकाच्या एकेका निर्णयानं बदललं.

आधी कंपनीनं खेळाडूंमधल्या देवाणघेवाणीवर मर्यादा घातली. कारण रास्त होतं. खेळातलं सोनं खऱ्या पैशात विकणाऱ्या टोळ्या आणि चोरीची क्रेडिट कार्डं ह्यांचा सुळसुळाट झाला होता. पण चोर धरायच्या नादात मित्राला मनासारखी भेटवस्तू देणंही बंद झालं. ते मोकळेपण परत यायला फेब्रुवारी २०११ उजाडलं. २०१२ मध्ये नशिबाचं चाक आलं. फिरवा आणि बक्षीस मिळवा. लवकरच जास्तीच्या फेऱ्या खऱ्या पैशानं विकायला लागले. म्हणजे ज्या जगात श्रीमंताच्या आणि गरिबाच्या पोराला सारखीच शेवंडं धरावी लागत, तिथं पैशानं पुढे जायची वाट निघाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात लढण्याची सगळी पद्धतच बदलली. पुष्कळ जण सोडून गेले.

मग जे झालं ते मेहुण्यांनी लक्षात घ्यावं. कंपनीकडे ऑगस्ट २००७ ची, जुन्या खेळाची एक प्रत जपून ठेवलेली निघाली. फेब्रुवारी २०१३ मध्ये कंपनीनं खेळाडूंनाच विचारलं, हे परत हवं का? साडेचार लाखांच्या आसपास मतं पडली. २२ फेब्रुवारीला जुनं गाव पुन्हा उघडलं. सगळ्यांना शून्यापासून सुरुवात करावी लागणार होती, जुनी कमाई काही मिळणार नव्हती, तरी लोक आले. त्यानंतर तिथं नवं काही आणायचं तर खेळाडूंची मतं घ्यायची, आणि ७५ टक्के (२०२२ नंतर ७० टक्के) अनुकूल असतील तरच आणायचं, असा पायंडा पडला. आज त्या जुन्या गावात नव्यापेक्षा जास्त वर्दळ असते. ही नुसती हळहळ असती तर उसासा टाकून लोक झोपी गेले असते. ती मागणी होती, आणि ती रास्त ठरली.

पण सगळ्यांचं नशीब असं नाही. २००१ मधली रूनस्केपची अगदी मूळ आवृत्ती ६ ऑगस्ट २०१८ ला कायमची बंद झाली. लहान मुलांचं 'क्लब पेंग्विन' २००५ मध्ये कॅनडात सुरू झालं, २००७ मध्ये डिस्नेनं विकत घेतलं आणि मार्च २०१७ मध्ये त्याला कुलूप लागलं. माणसांनी गजबजलेली जागा एका बटणानं बंद! बंद करणं भाग असेलही. विजेचं बिल कुणाला चुकलं आहे? पण मग प्रत जपून ठेवा, किंवा चालवायची उस्तवार करायला जे तयार आहेत त्यांच्या हाती द्या. युरोपात अशाच मागणीसाठी २०२४ पासून मोहीम चालली आहे आणि जुलै २०२५ मध्ये तिच्या अर्जावर दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. ती पोरं रिकामटेकडी नाहीत. एखादं जुनं ग्रंथालय पाडायला निघाल्यावर आपण जे करतो, तेच ती करताहेत.

आता माझा अपराध.

भाचा दहा वर्षांचा असताना, २००३ मध्ये, ही मंडळी लेस्टरला आली. शाळेत त्याच्या उच्चारांना मुलं हसत. घरी आल्यावर तो त्या खेळात जायचा, कारण तिथं टाइप करायचं, तिथं उच्चार नव्हता. २००६ च्या मे महिन्यात मी पहिल्यांदा तिकडे गेले. जिन्याखाली कॉम्प्युटरपाशी तासन्‌तास बसलेला तेरा वर्षांचा मुलगा पाहिला आणि माझ्यातली बाई जागी झाली. बहिणीला म्हटलं, "तार काढून कपाटात ठेव. वर्ष वाया जाईल पोराचं." तिनं ऐकलं. माझ्या शब्दाला घरात मान होता ना! तीन महिने तार कपाटात राहिली.

तो रडला नाही, भांडला नाही. मला वाटलं, सुधारला.

२०२५ मध्ये, त्या शनिवारनंतरच्या सकाळी, त्यानं सांगितलं. त्या बेटावर रोज संध्याकाळी पाच वाजता स्कॉटलंडचा एक मुलगा त्याला भेटायचा. दोघं शेजारी उभं राहून शेवंडं धरायची आणि गप्पा मारायची. त्या मुलाची आई आजारी होती. तार काढली त्या दिवशी त्याला सांगायलाही मिळालं नाही. मित्रांच्या यादीत जो हजर असेल त्याचं नाव हिरवं दिसतं, नसेल त्याचं लाल. तीन महिन्यांनी तार लागली तेव्हा ते नाव लाल होतं. मग लालच राहिलं. २०१३ मध्ये जुना खेळ परत आला तेव्हा वीस वर्षांच्या ह्या मुलानं सगळ्यात आधी ते नाव यादीत टाइप केलं. लाल.

"मला तेव्हा सांगितलं का नाहीस रे?" मी विचारलं.

"तू काय म्हणाली असतीस मावशी? 'कुठला मित्र? दाखव बघू!'"

हेच म्हणाले असते. अगदी ह्याच शब्दांत.

म्हणून मेहुण्यांना (ते हे वाचतातच) माझं सांगणं आहे. पुढच्या वेळी ते चौघं लॅपटॉपवर वाकले की कोंबड्यांचा विनोद करू नका. जवळ जाऊन विचारा, इथं तुझ्या शेजारी कोण उभं असायचं? मी हे विचारायला एकोणीस वर्षं उशीर केला.